काका ऑनलाइन आहेत

काकांचं तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर काकांचा मेसेज आला.

'नमस्कार मंडळी. आज टँकर सव्वासातला येईल. आठला बी विंगला पाणी सुटेल, त्यानंतर ए विंगला. नळ उघडे टाकून ऑफिसला जाऊ नये. मागच्या वेळी कोण गेलं होतं ते मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे.'

मी गॅलरीत दात घासत उभी होते. मेसेज वाचला, फेस गिळला आणि सवयीने बादल्या लावायला आत गेले. दुसरी बादली नळाखाली सरकवताना लक्षात आलं, की या माणसाला आपण पोचवून आलो आहोत. स्मशानात माझ्याच पर्समध्ये काकांचा चष्मा होता. कोणीतरी माझ्या हातात दिला होता आणि मी तो नंतर काकूंना परत केला होता.

पाणी आठलाच सुटलं.

मी भुतं मानत नाही. पण म्हणून भुतं मला मानणार नाहीत असं थोडंच आहे? त्या दिवशी मी बादल्या भरल्या, पिंप भरलं, हाताला लागेल ते पातेलं भरलं, आणि दिवसभर काकांच्या दाराकडे बघायचं टाळलं. टाळणं सोपं नव्हतं, कारण आमची दारं समोरासमोर. मध्ये फक्त लिफ्टसमोरची रिकामी जागा आणि त्यांच्या तुळशीची कुंडी.

आमची सोसायटी करंजाड्यात. स्टेशनपासून रिक्षाने जवळ, असं फ्लॅट घेताना बिल्डरने सांगितलं होतं. पाण्यापासून किती लांब, ते नव्हतं सांगितलं. आता डोक्यावरून विमानं जातात, खाली रस्त्याला दिवे आहेत, आणि तरीही आमचा दिवस टँकरवर उगवतो. म्हणून ग्रुपवर काकांना मान. पहिल्या सचिवाने ग्रुप काढला तेव्हा घरटी एक नंबर घेतला, तोही ज्याच्या नावावर फ्लॅट त्याचा. म्हणजे जवळजवळ सगळे पुरुष. मी एकटी राहते, फ्लॅट माझ्या नावावर, म्हणून मी होते. पुढे तो सचिव फ्लॅट विकून पुण्याला गेला आणि जाताना काकांना ॲडमिन करून गेला. दुसरा ॲडमिन करायचं कोणाला सुचलं नाही.

तर काका गेल्यावरही मेसेज येत राहिले. रोज नाही, पण ज्या दिवशी पाण्याची काही भानगड असेल त्या दिवशी हमखास. 'पंप बिघडला आहे, दुपारपर्यंत धीर धरावा.' 'उद्या पाणी नाही, आजच भरून घ्यावे.' एकही चुकीचा नाही. आणि ग्रुपवर काय चाललं होतं? लोक 'धन्यवाद काका' लिहीत होते. हात जोडलेली चित्रं टाकत होते. ज्यांनी खांदा दिला तेसुद्धा. कोणी विचारलं नाही, लिफ्टमध्ये दोघं भेटले तरी बोलले नाहीत. मी एकदा आताच्या सचिवांना हळूच म्हटलं, हे पाठवतं कोण? तर ते म्हणाले, काकांचा मुलगा पाठवत असेल पुण्याहून. मुलगा सुट्टीत आला तेव्हा त्याला विचारलं, तर तो म्हणाला, मला वाटलं सचिव पाठवतात. काकूंवर कोणाचा संशय नव्हता. काकू फोन हातात धरायच्या तोसुद्धा गरम पातेल्यासारखा, दोन बोटांत, आणि कोणी काही दाखवलं की म्हणायच्या, "मला नाही बाई त्यातलं कळत."

मग सगळ्यांनी कानावर हात ठेवले. पाणी मिळतंय ना, मग पाठवणारा या लोकातला की त्या लोकातला, हे विचारून नळ कोरडा कोण पाडून घेणार?

ठिणगी पडली ती वाढदिवसामुळे. सचिवांच्या नातवाचा वाढदिवस होता. सकाळी ग्रुपवर केक, फुगे, टाळ्या यांचा असा पूर आला की काकांचा पाण्याचा मेसेज त्यात वाहून गेला. अर्ध्या बी विंगने तो वाचलाच नाही. घरोघरी साबण लावलेली माणसं न्हाणीघरात उभी राहिली. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बसली आणि आवाज चढले. हा ग्रुप म्हणजे मासळीबाजार झालाय, महत्त्वाचं काही सापडत नाही, दुसरं काहीतरी शोधा, असं सगळ्यांचं मत पडलं. नुकताच फ्लॅट घेतलेला एक तरुण मागच्या खुर्चीवरून उठला. त्याला अजून ग्रुपमध्येच घेतलेलं नव्हतं, अशी त्याची तक्रार होती.

"ॲडमिन कोण आहेत?" त्याने विचारलं.

"काका," सचिव म्हणाले.

"कुठे भेटतील?"

छतावरच्या पाइपातून थेंब पडत होता तो ऐकू यायला लागला. सचिव त्या पाइपाकडे बघत म्हणाले, "ते भेटत नाहीत."

तरुण खाली बसला. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. मला मात्र पहिल्यांदा खरी भीती वाटली. काकांची नव्हे, आमची. एवढी माणसं एका मेलेल्या माणसाबद्दल वर्तमानकाळात बोलत होती आणि एकाचीही जीभ अडखळली नव्हती.

समिती नेमली गेली. सचिव, चौथ्या मजल्यावरचा घरून काम करणारा आयटीवाला आणि मी. मला घेतलं कारण मी नोकरीची सगळी वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. आमच्याकडे झाडू घ्यायचा तरी तीन कोटेशन आणि तुलनेचा तक्ता. मी म्हटलं, फुकट असलं तरी तीन पर्याय बघू, प्रत्येक आठवडाभर वापरू, तक्ता करू आणि मग ठरवू. आयटीवाला हसला, पण कबूल झाला.

त्या संध्याकाळी काकू तुळशीला पाणी घालत होत्या. मला बघून तांब्या खाली ठेवला.

"तू त्या समितीत आहेस ना?"

"हो."

"एक करशील? त्यांचा नंबर काढू नका. बाकी काय बदलायचं ते बदला."

त्यांनी ते इतकं हळू म्हटलं की मला गलबलून आलं. बाई एकटी पडलीय, फोन वाजला की घरात माणूस असल्यासारखं वाटत असेल, असं मी धरून चालले. म्हटलं, बघते. मनात ठरवलं की काही झालं तरी एवढं जमवायचं. पण आयटीवाल्याचं पहिल्याच दिवशी म्हणणं पडलं की नवीन जागी जिवंत माणसंच घ्यायची. तो म्हणाला, "मॅडम, तो इनॅक्टिव्ह युजर आहे." आणि मग स्वतःच गप्प झाला, कारण आख्ख्या ग्रुपमध्ये सगळ्यात ॲक्टिव्ह तोच युजर होता.

पहिला पर्याय चर्चामंचाचा. विषयवार धागे, प्रत्येकाखाली उत्तरं, शोधायची सोय. मला तो फार आवडला, कारण फायलींसारखा होता. लोकांना कपाळ आवडला. एकाने 'शुभ सकाळ' असा विषय उघडला, दुसऱ्याने त्याच्याखाली गुलाब टाकला, आणि मग कोणी फिरकलं नाही. ज्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही तो प्रश्न हा मंच आपणहून वर आणून ठेवायचा. आयटीवाल्याने चाचणीसाठी लिहिलं होतं, 'उद्या पाणी आहे का?' आठवडाभर तोच प्रश्न सगळ्यात वर. मी रोज उघडून बघायची, खाली कोणी काही लिहिलेलं नसायचं. पाणी येत होतं, जात होतं, त्याची खबर जुन्या ग्रुपवरच मिळत होती, आणि इकडे तो प्रश्न एकटाच उभा. शेवटी शेवटी मला तो उघडवेना.

दुसरा पर्याय म्हणजे सोसायट्यांसाठी केलेलं ॲप. गेटवर कोण आलं, देखभाल खर्च किती, भिंतीवर कोणी काय लिहिलं, सगळं एका ठिकाणी. सचिवांनी उत्साहाने सोसायटीच्या दप्तरातली सभासदांची माहिती त्यात भरली, सगळी, जशीच्या तशी. इथेच आमचा घात झाला. आमच्याकडे फ्लॅटमालक वारला की फ्लॅट वारसाच्या नावावर करायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळतं. एखादा भाऊ सही करत नाही, एखादा दाखला मिळत नाही. तोपर्यंत दप्तरात मालक तोच. त्यामुळे ॲपने सगळ्यांची खाती उघडली तेव्हा आमच्याकडच्या मेलेल्यांचीही उघडली. एका पानावर लिहून आलं, 'हे शेजारी अजून आलेले नाहीत', आणि त्याखाली त्यांची नावं. ए विंगचे मास्तर. तळमजल्यावरच्या आजी. आणि काका.

सचिव चरकले. म्हणाले, काढून टाकू. काढायचं बटण शोधेपर्यंत ॲपने आपलं काम केलं होतं. न आलेल्या प्रत्येकाला त्याने आपणहून आठवण पाठवली होती: 'तुमचे शेजारी तुमची वाट पाहत आहेत.'

मास्तरांचा नंबर त्यांची सून वापरते. तिने सचिवांना फोन करून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजींचा नंबर कुठल्या तरी परक्या माणसाकडे गेला होता, त्याने हिंदीत कोण म्हणून विचारलं. काकांकडून काही आलं नाही. आम्ही तिघं माझ्या डायनिंग टेबलाभोवती बसलो होतो. आयटीवाल्याचा लॅपटॉप उघडा होता. सचिव चहाचा कप तोंडाला लावणार एवढ्यात काकांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला.

"काका ऑनलाइन आहेत," आयटीवाला म्हणाला. सवयीने म्हणाला, जसं रोज कोणाबद्दल तरी म्हणत असेल.

सचिवांनी कप खाली ठेवला. थोड्या वेळाने ते उठले, चपला घालून गेले आणि पुढचे चार दिवस त्यांना ताप होता. ॲप आम्ही तिथेच बंद केलं. तक्त्यात शेरा काय लिहावा मला कळेना. 'सर्व सभासदांपर्यंत पोचते' असं लिहिलं आणि खोडलं.

माझा स्वभाव असा की भीती वाटली की मला आधी राग येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली टँकरपाशी गेले. टँकरवाला जासईकडचा, आम्हाला तो पहिल्यापासून ओळखतो. त्याला विचारलं, बाबा रे, तू यायची वेळ आमच्या काकांना कशी कळवतोस?

"कोन काका? सायब?" त्याने पाइप टाकीत सोडला. "सायबांशी आमी कदी बोललोच नाय."

"मग?"

"काकींचा फोन येतो ना. पयल्यापासून त्याच करतात." आणि मग माझा चेहरा बघून म्हणाला, "का वो ताई, काय झाला?"

मी म्हटलं, काही नाही. वर येताना लिफ्टच्या आरशात स्वतःला बघितलं. बरं वाटायला हवं होतं. भूत नव्हतं, काकू होत्या, बस. नवऱ्याची आठवण जपत होत्या, त्याच्या नावाने चार ओळी लिहीत होत्या. तरी त्या बाईचं ते दोन बोटांत फोन धरणं डोळ्यांपुढून जाईना. एवढं नाटक कशासाठी? पण विचारलं नाही. दुःखात असलेल्या माणसाला पुरावा दाखवू नये, एवढी अक्कल मला आहे.

तिसरा पर्याय खोल्यांचा. म्हणजे एकाच जागी वेगवेगळ्या खोल्या: पाण्याची, पार्किंगची, वाढदिवसांची वेगळी. पाण्याच्या खोलीत केक नेता येणार नाही. शिवाय प्रत्येक खोलीत आत्ता कोण हजर आहे ते कडेला दिसतं. लोकांना हा आवडला. दोन दिवसांत वाढदिवसांच्या खोलीत ही गर्दी झाली. आयटीवाल्याने अट घातली होती की पक्कं करताना प्रत्येकाने ओळखपत्र दाखवून खातं उघडायचं, पण चाचणीपुरतं जुन्या नंबरांवरून कोणालाही येता येत होतं.

एप्रिलमधली दुपार होती. वीज गेलेली, पंखा बंद, सगळी बिल्डिंग झोपलेली. मी तक्ता पुरा करायला बसले आणि सहज पाण्याच्या खोलीत डोकावले. कडेला माझं नाव दिसत होतं. त्याखाली काकांचं.

आणखी कोणी नव्हतं. मी आणि ते.

मला माहीत होतं की त्या काकू आहेत. टँकरवाल्याने सांगितलं होतं. तरी मी खुर्चीत ताठ बसले, जसं वडीलधाऱ्या माणसासमोर बसतो. मग खाली अक्षरं आली, 'काका लिहीत आहेत'. मी वाट बघितली. अक्षरं गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. काही लिहून येईना. मला वाटलं, जे काही येणार आहे ते पाण्याबद्दल नाही. पाण्याबद्दल लिहायला त्यांना कधी असा वेळ लागत नव्हता. समोरच्या दारातून काही आवाज येतो का म्हणून कान लावला तर खाली रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकशिवाय काही नाही. 'काका लिहीत आहेत'. बराच वेळ तेवढंच. मग त्यांचं नाव कडेवरून नाहीसं झालं आणि खोलीत मी एकटी उरले.

मी उठले आणि समोरची बेल दाबली. वीज नव्हती हे विसरले होते. मग कडी वाजवली.

काकूंनी दार उघडलं. हात पिठाने भरलेले. "ये ना," म्हणाल्या, जणू त्या मला बोलावूनच बसल्या होत्या.

हॉलमध्ये काकांचा फोटो, हार, खाली निरांजन, आणि निरांजनाशेजारी फोन. त्याचा पडदा अजून उजळलेला होता. त्यावर आमच्या खोल्यांची यादी उघडी होती. मी फोनकडे बघितलं, काकूंच्या हातांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

"तुला काहीतरी लिहायला घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "तू दिसलीस तिथे, म्हणून. मग सुचेना. कणीक भिजवत ठेवली होती ती वाळायला लागली."

मी आत स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मी जे सांगायला आले होते ते आधी सांगून टाकलं. रविवारी मतं पडणार, हाच खोल्यांचा पर्याय निवडून येणार, आणि त्यात ओळखपत्राशिवाय खातं नाही. काकांचा नंबर राहणार नाही. मी प्रयत्न केला, पण माझा इलाज नाही. आणि म्हटलं, "काकू, तुम्ही त्यांच्या नावाने लिहिता ते मला कळलंय. ते गेल्यावर तुम्हाला आधार वाटतो, ते मी समजू शकते."

काकू कणीक मळत होत्या. थांबल्या नाहीत.

"ते गेल्यावर नाही गं," त्या म्हणाल्या. "ते होते तेव्हाही मीच लिहीत होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मधे मधे पाण्याचा हात लावत. ग्रुप निघाला तेव्हा काकांनी दोन दिवसांत फोन त्यांच्याकडे सरकवला. त्यांना ती कटकट नको होती, डोळ्यांनाही दिसत नव्हतं. म्हणाले, तूच बघ काय ते. मग टँकरवाल्याला फोन काकूंचा, पंपवाल्याशी भांडण काकूंचं, मेसेज काकूंचा. नाव काकांचं, कारण नंबर त्यांचा. काका खाली फिरायला गेले की लोक म्हणायचे, काका, काय नेमकं लिहिता. काका हसायचे आणि वर येऊन काकूंना सांगायचे, आज अमुक जण तुझं कौतुक करत होता. त्यांनी कधी स्वतःकडे घेतलं नाही, आणि खाली कधी सांगितलंही नाही. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. फोन दोन बोटांत धरायचं मात्र काकूंनी मुद्दाम ठरवलं होतं. उगाच बोभाटा नको म्हणून.

"नळ उघडे टाकणाऱ्यांना टोमणा, तो तुमचा?" मी विचारलं.

"मग काय त्यांचा? ते कोणाला कधी बोलले का?"

खरंच. मी आठवून बघितलं. इतक्या वर्षांत काका माझ्याशी लिफ्टमध्ये 'काय, बरं?' याच्या पुढे गेले नव्हते. मी ज्या खवचट, चोख, पाणी कधी येणार ते जाणणाऱ्या म्हाताऱ्याला मान देत होते, त्याला मी कधी भेटलेच नव्हते. तो माझ्यासमोर कणीक मळत होता.

"ते गेले त्या संध्याकाळी," काकू म्हणाल्या, "फोन सारखा वाजत होता. घर माणसांनी भरलेलं. मी मोरीत गेले, दार लावलं आणि वाचलं सगळं. काका, तुमच्या मेसेजशिवाय सकाळ होणार नाही. काका, तुमच्यासारखं लिहिणारा माणूस पुन्हा होणे नाही. कोणीतरी माझी जुनी वाक्यं शोधून पुन्हा ग्रुपवर टाकली होती, आणि खाली सगळे रडत होते."

त्यांनी हात झटकले.

"मी त्यांच्यासाठी रडत होते गं. खोटं नाही सांगत. पण वाचता वाचता वाटायला लागलं, हे माझंच चाललंय. मला पोचवून आलेत ही माणसं, आणि मी मोरीत उभी आहे."

इतक्या दिवसांची ती भीती खोटी नव्हती, फक्त मी चुकीच्या माणसाला भीत होते. तिथे मेलेला माणूस बोलत नव्हता. जिवंत बाई होती, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून श्रद्धांजली वाहिली होती, आणि त्यानंतर रोज तिने सांगितलेल्या वेळेला उठून पाणी भरत होतो.

"तुझंही पाठ आहे मला," त्या म्हणाल्या. "'काका, तुमचा आवाज कायम कानात राहील.'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नंबर काढू नका म्हटलं ते त्यांच्यासाठी नव्हतं," काकू म्हणाल्या. "ते गेले, ते मला माहीत आहे. तो नंबर गेला की मी गेले."

वीज आली, फ्रिज घुरघुरायला लागला. माझ्या डोक्यात तो तक्ता फिरत होता. इतके दिवस मी त्यात शोधाची सोय, गोंगाट, वापरायला सोपं की अवघड, हे रकाने भरत बसले होते. बोलतं कोण, हा रकानाच नव्हता. जुना ग्रुप असो की ॲप, आमच्याकडे माणसं नव्हतीच, फ्लॅट बोलत होते.

मी म्हटलं, तुमचं ओळखपत्र आहे ना? तुमच्या नावाने खातं काढू. मी रविवारी सांगते की घरटी एक नको, माणशी एक हवं.

"माझ्या नावाने कोण ऐकणार?"

"पाणी वेळेवर आलं की ऐकतील. आणि मी सगळ्यांना सांगते ना, की आधीपासून..."

"नाही." हे त्या इतकं ठाम म्हणाल्या की मला तो ग्रुपवरचा आवाज ओळखू आला. "त्यांनी काही चोरलं नव्हतं. लोकांनी त्यांना दिलं ते त्यांच्यापाशी राहू दे. सांगायचं नाही."

त्यांनी हात धुतले, कपाटातून ओळखपत्र आणलं. माझ्या फोनवरून माहिती भरताना मी नावाच्या जागेशी थांबले. इतकी वर्षं समोर राहून मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. दारावरच्या पाटीवर काकांचं होतं. मी ओळखपत्रावरून बघून लिहिलं, अक्षर न् अक्षर तपासून, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी वर बघितलं नाही.

रविवारी मतं पडली. खोल्यांचा पर्याय निवडून आला. माणशी एक खातं, यावर थोडी कुरकुर झाली, बायका-पोरं आली तर गोंगाट वाढेल असं कोणीतरी म्हणालं. मी मग खरेदी विभागातल्या आवाजात बोलले आणि ते मंजूर झालं. काकांचा नंबर कोणी काढला नाही. जुना ग्रुप तसाच राहिला, त्यात कोणी काही लिहीत नव्हतं, आणि काकाही आता शांत होते. सचिवांच्या चेहऱ्यावर मोकळं झाल्याचं स्पष्ट दिसत होतं. मला कानात म्हणाले, सुटलो बुवा.

सोमवारी सकाळी मी फोन हातात घेऊनच गॅलरीत उभी होते. पाण्याची खोली उघडली. कडेला पंधरा-वीस नावं होती. मग काकूंचं नाव लागलं आणि खाली मेसेज आला.

'नमस्कार मंडळी. आज टँकर उशिरा येणार आहे. साडेआठला बी विंगला पाणी सुटेल, त्यानंतर ए विंगला. नळ उघडे टाकून जाऊ नये.'

कोणी धन्यवाद लिहिलं नाही. हात जोडलेलं एक चित्रही आलं नाही. कडेची नावं तशीच होती, म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं. मग सचिवांनी लिहिलं. हे गृहस्थ दर गणपतीत काकूंच्या हातचे मोदक खाऊन जातात.

'नमस्कार ताई. आपल्याला ओळखलं नाही. सोसायटीत नवीन आलात का?'

मी उत्तर लिहायला घेतलं, शब्द सापडत नव्हते, सापडले ते सभ्य नव्हते. तेवढ्यात खाली दिसलं की त्या लिहीत आहेत. या वेळी त्यांना अजिबात वेळ लागला नाही.

'हो. आजच आले.'